गाडीखालचा इतिहास: एका सायलेन्सरची सव्वाशे वर्षं

एकोडीहून बोलतोय. एकोडी म्हणजे भंडारा जिल्हा, साकोली तालुका. कोलकात्याकडे जाणारा जुना सहा नंबरचा हायवे, ज्याला आता ५३ नंबर मिळालाय, तो साकोलीवरून जातो. त्याच तालुक्यातलं आमचं गाव. ज्यांना ऐकायला वेळ नसतो, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहूनही टाकतोय. बोललो तसाच आहे, फक्त मधलं खोकणं काढलंय.

गेल्या काही दिवसांत तीन-चार पोरांनी मला एकच प्रश्न विचारला. घरी जुनी गाडी आहे, सायलेन्सर फुटलाय, गॅरेजवाला खूप पैसे सांगतो, ऑनलाइन पार्ट स्वस्त मिळतो, मग अंगणातच बदलला तर चालेल का?

चालेल. आमच्याकडे आम्ही बदललाय. पण बदलण्याआधी एक गोष्ट माहीत असायला हवी: तुमची गाडी कोणत्या साली बनली. कारण गाडीखाली जो पाइप लटकलाय, त्यात त्या सालचा कायदा बसवलेला आहे. काही गाड्यांत तो नुसता आवाज दाबणारा डबा असतो आणि काहींत एक छोटी रासायनिक भट्टी असते. बाहेरून दोन्ही सारख्याच गंजलेल्या दिसतात. हा फरक कुठून आला, तो आजचा इतिहास.

आधी आला आवाज

पेट्रोल इंजिनात सिलिंडरच्या आत एकामागून एक छोटे भडके उडतात. प्रत्येक भडक्यानंतर झडप उघडते आणि तापलेला वायू जोरात बाहेर पडतो. नुसता पाइप लावला तर प्रत्येक वेळी फटाका फुटल्यासारखा आवाज येईल. दिवाळीतली लड मिनिटाला हजारो वेळा वाजली तर कसं वाटेल, तसं.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात कोलंबस नावाचं गाव आहे. तिथल्या मिल्टन रीव्ह्ज आणि मार्शल रीव्ह्ज या भावांनी १८९७ साली इंजिनाचा आवाज दाबणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. मोटारगाडीच्या सायलेन्सरचा इतिहास सांगताना बहुतेक वेळा इथूनच सुरुवात होते. मिल्टन रीव्ह्ज हा भन्नाट माणूस होता, त्याने पुढे आठ चाकांची मोटारही बनवून दाखवली. ती काही चालली नाही, पण सायलेन्सर राहिला.

आतली कल्पना साधी आहे. अरुंद पाइपातून आलेला वायू एकदम रुंद डब्यात सोडायचा, म्हणजे त्याचा जोर मोडतो. डब्यात आडव्या भिंती आणि भोकं पाडलेल्या नळ्या ठेवायच्या. आवाजाच्या लाटा भिंतींवर आपटून उलट फिरतात, एकमेकींत मिसळतात आणि बऱ्याच अंशी एकमेकींना मारतात. काही डब्यांत काचेची लोकरही भरतात. आपण बोलताना ज्याला 'डबा' म्हणतो, त्याच्या आत एवढा संसार असतो.

भारतात मोटारी आल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी. सुरुवातीच्या भारतीय मोटारमालकांत जमशेटजी टाटांचं नाव घेतलं जातं. मोटारींचा पहिला देशव्यापी कायदा १९१४ चा, दुसरा १९३९ चा आणि आजचा १९८८ चा. त्याखालच्या १९८९ च्या केंद्रीय नियमांत १२० नंबरचा नियम सायलेन्सरचा आहे. प्रत्येक मोटारीला आवाज शक्य तितका कमी करणारं साधन हवंच, असं तो सांगतो. बुलेटला 'फटाका' सायलेन्सर लावणाऱ्या मित्रांनो, हा नियम तुमच्या जन्माच्या आधीचा आहे. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर रस्त्यावर रांगेत मांडून त्यावरून रोडरोलर फिरवल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील.

थोडक्यात, बराच काळ सायलेन्सरचं काम एकच होतं, शेजाऱ्याची झोप मोडू नये. धुरात काय आहे, हे कोणी त्याला विचारत नव्हतं.

जेव्हा पाइप कोणालाही जोडता यायचा

स्वातंत्र्यानंतर आपल्या रस्त्यांवर दोन गाड्यांचं राज्य होतं. बंगालात उत्तरपाड्याला बनणारी अँबेसेडर, १९५७ पासून. आणि आपल्या मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट, जिचं पुढे नाव झालं प्रीमियर पद्मिनी. ही प्रीमियर कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली सुरू केलेली. नवी गाडी नोंदवली की वर्षानुवर्षं वाट बघायची, म्हणून घेतलेली गाडी मरू द्यायची नाही, असा तो काळ.

त्या गाड्यांचा सायलेन्सर म्हणजे साधं लोखंड. पुढे इंजिनाला चिकटलेला मॅनिफोल्ड, त्याला पाइप, पाइपाला डबा, डब्याला शेपटी. फुटला की गॅस वेल्डिंगवाला पत्र्याचं ठिगळ लावून द्यायचा. डबाच गेला तर दुसऱ्या गाडीचा कापून जोडायचा. ट्रॅक्टरची ट्रॉली जोडणारा माणूसच मोटारीचा पाइपही जोडायचा आणि चूक झाली तरी फार तर गाडी आवाज करायची.

आपल्याकडच्या बऱ्याच वडीलधाऱ्या मंडळींचं गाडीचं ज्ञान या काळातलं आहे. "पाइप तं पाइपच राह्यते ना जी, त्यात काय?" असं कोणी म्हटलं तर हसू नका. त्यांच्या काळी ते खरंच होतं. ते कधी आणि कसं बदललं, ते आता ऐका.

पेट्रोलमधलं शिसं

१९२१ साली अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये काम करणाऱ्या थॉमस मिजली याला एक शोध लागला. पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग अगदी थोडं मिसळलं, तर इंजिनाची ठोकठोक बंद होते. ठोकठोक म्हणजे पेट्रोल वेळेआधी आणि वेडंवाकडं पेटल्यामुळे होणारा आवाज. १९२३ पासून असं पेट्रोल विकायला आलं आणि पुढे जगभर पसरलं. भारतातही आपण पन्नास-साठ-सत्तरच्या दशकांत तेच जाळलं.

शिसं हे विष आहे. ते इंजिनात संपत नाही, धुराबरोबर बाहेर पडतं, धुळीत बसतं आणि श्वासातून, हातातोंडातून शरीरात जातं. लहान मुलांच्या मेंदूला त्याचा सगळ्यात जास्त त्रास.

दुसरीकडे लॉस एंजलिस शहरावर धुरकं साचू लागलं. तिथे राहणाऱ्यांचे डोळे चुरचुरायचे. यूजीन हूड्री नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने, जो तेव्हा अमेरिकेत स्थायिक झाला होता, १९५० च्या दशकात एक उपाय काढला. धूर बाहेर पडण्याआधी पाइपमध्येच त्याला एका उत्प्रेरकावरून जाऊ द्यायचं. उत्प्रेरक, म्हणजे शाळेतल्या रसायनशास्त्रातला तोच, स्वतः न संपता दुसऱ्यांची क्रिया घडवणारा. यातून आला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. पण अडचण अशी की पेट्रोलमधलं शिसं उत्प्रेरकावर थर देऊन बसतं आणि त्याला निकामी करतं. एका शोधाने दुसऱ्याची वाट अडवली. अमेरिकेत १९७० ला हवेचा कडक कायदा आला, तेव्हा कंपन्यांचा नाइलाज झाला आणि १९७५ च्या मॉडेलांपासून कन्व्हर्टर सर्रास लागू लागले. त्यासोबत बिनशिशाचं पेट्रोल आलं.

आता या डब्यात काय असतं ते बघा. चिनी मातीसारख्या पदार्थाची मधाच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महाग धातूंचा अगदी पातळ लेप. डबा साधारण अडीचशे-तीनशे अंशांच्या वर तापला की काम सुरू होतं. विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, अर्धवट जळलेल्या पेट्रोलचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन होतो.

१९९५: धूर कोर्टात पोचतो

आपल्याकडे हे यायला आणखी वीस वर्षं लागली, आणि तेही कोर्टामुळे. वकील एम. सी. मेहता यांनी १९८५ साली दिल्लीतल्या गाड्यांच्या धुराविरुद्ध सुप्रीम कोर्टात याचिका केली. ती वर्षानुवर्षं चालली आणि तिच्यातून एकेक आदेश निघत गेले. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि तिथे बिनशिशाचं पेट्रोल मिळू लागलं.

फक्त चार महानगरांत. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

विचार करा, मुंबईत घेतलेली कन्व्हर्टरची गाडी घेऊन कोणी भंडाऱ्याकडे निघाला आणि वाटेत शिशाचं पेट्रोल भरलं, तर कन्व्हर्टर हळूहळू मरणार. पेट्रोलपंपावर "बिनशिशाचं आहे का?" हा प्रश्न त्या पाच वर्षांतला आहे. फेब्रुवारी २००० पासून देशभर सगळंच पेट्रोल बिनशिशाचं झालं, तेव्हा तो संपला. त्याच वर्षी एप्रिलपासून 'इंडिया २०००' नावाचे धुराचे नियम देशभर आले. त्यानंतर भारत स्टेज दोन, तीन, चार आणि एकदम सहा. पाच आपण गाळलं.

मुंबईतही कोर्टकचेरी झाली. धुराने त्रासलेल्या रहिवाशांचा एक मंच होता, स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम. ही मंडळी मुंबई हायकोर्टात गेली. १९९९ मध्ये कोर्टाच्या सांगण्यावरून परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. पुढे जुन्या टॅक्सींना सीएनजीवर यावं लागलं. काळी-पिवळी पद्मिनी वाचली ती अशी गॅसची टाकी डिकीत घेऊन. पण वयाची मर्यादा आलीच. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदलेली होती. वीस वर्षं भरली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला ती रस्त्यावरून गेली. तिचं इंजिन थकलं म्हणून कोणी तिला काढलं नाही, नियमाने तिला जावं लागलं. त्या दिवशी इन्स्टावर रील टाकणारे बरेच होते, तुमच्यातलेही असतील.

कायदा शहरात, गाडी गावात

आता आपल्या भागाकडे येऊ.

मारुती ८०० ची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते ग्राहकाला दिली गेली. पुढची तीस वर्षं ही गाडी मध्यमवर्गाची. एप्रिल २०१० मध्ये भारत स्टेज चार आलं, पण फक्त तेरा शहरांत. त्यात आपल्या राज्यातली मुंबई, पुणे आणि सोलापूर. कंपनीने त्या तेरा शहरांत मारुती ८०० विकणं थांबवलं, कारण नव्या नियमात बसवण्यासाठी इंजिनावर खर्च करायची तिची तयारी नव्हती. बाकी देशात मात्र ती मिळत राहिली आणि २०१४ च्या जानेवारीत उत्पादनच बंद झालं. भारत स्टेज चार देशभर लागू झालं ते १ एप्रिल २०१७ ला.

म्हणजे सात वर्षं एका देशात धुराचे दोन कायदे होते. पुण्याच्या पोराच्या फुप्फुसासाठी एक, भंडाऱ्याच्या पोराच्या फुप्फुसासाठी दुसरा. सरकारची बाजूही खरी होती. नव्या इंजिनाला स्वच्छ पेट्रोल लागतं. भारत स्टेज तीनच्या पेट्रोलमध्ये गंधक दहा लाखांत १५० भाग चालायचं, चारमध्ये ५० आणि सहामध्ये फक्त १०. तेवढं शुद्ध पेट्रोल सगळीकडे पोचवायला रिफायनऱ्यांना वेळ हवा होता. कारण समजतं, पण परिणाम तोच राहतो.

दुसरी गोष्ट कायद्यात कुठे लिहिलेली नाही, पण आमच्या रस्त्यावर उभं राहिलं की दिसते. नंबरप्लेटा वाचा. एमएच-३६ म्हणजे आपला भंडारा. पण घराघरांसमोर एमएच-३१, एमएच-४९ किती दिसतात? ते नागपूर. नवी गाडी नागपूर, मुंबई, पुणे घेतं. दहा-बारा वर्षं झाली, पीयूसी त्रास देऊ लागली, की ती विकली जाते आणि आपल्याकडे येते. तिसऱ्या, चौथ्या मालकाकडे. लग्नाला, दवाखान्याला, आठवडी बाजाराला, रोवणीच्या दिवसांत बांधीवर बाया पोचवायला.

स्वच्छ हवेचा कायदा गावात सगळ्यात उशिरा आला आणि जिचा सायलेन्सर संपत आलाय ती गाडीही शेवटी गावातच आली. आपण घरी पाइप बदलायला बसतो, तेव्हा या दोन्ही गोष्टी आपल्या अंगणात एकत्र येतात.

डबा आतून का सडतो

इथे थोडं विज्ञान. एक लिटर पेट्रोल जळालं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. खरंच. पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो, त्याची वाफ बनते. थंडीत सकाळी गाडी सुरू केली की शेपटीतून थेंब टपकतात, ते हेच पाणी. गाडी लांब पळाली तर पाइप पूर्ण तापतो आणि वाफ उडून जाते. पण घरून बाजारात आणि परत, अशी छोटी फेरी केली की मागचा डबा तापतच नाही. वाफ आतच पाणी होऊन बसते. इंधनातल्या गंधकामुळे ते पाणी किंचित आम्लही होतं. म्हणून सगळ्यात मागचा, सगळ्यात थंड राहणारा डबा आधी सडतो आणि तोही आतून. बाहेरून पावसाळ्यातला चिखल त्याला मदत करतो.

आमच्या घरी नागपूरहून घेतलेली २००६ सालची मारुती ८०० आहे. तिचा मागचा डबा मी बोटाने दाबला तर बिस्किटासारखा आत गेला. साकोलीहून वेल्डिंगवाले एक काकाजी आले होते. त्यांनी हातोडीने एकदा टिचकी मारली आणि म्हणाले, "आतून सडला जी हा. याले कायले जोडता, नवा टाका." पत्र्याला वेल्डिंग धरायलाच जागा उरली नव्हती.

पण खरी गोष्ट पुढे निघाली. आई बरेच दिवस म्हणायची, गाडीत बसलं की डोकं जड होते, मळमळते. सगळे म्हणायचे, तुला गाडी लागते. ती मागे बसते, हिवाळ्यात काचा बंद. आम्ही पाइप खाली उतरवला तेव्हा दिसलं की मधल्या जोडावरचं पॅकिंग जळून गेलंय आणि फ्लोअरच्या पत्र्यावर काळा काजळीचा पट्टा उमटलाय. म्हणजे धूर कित्येक महिने तिथून गळत होता आणि फ्लोअरला एक जुनं गंजकं भोक होतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने चिकटतो. आधी डोकं दुखतं, मग मळमळ, मग झोप. थांबलेल्या गाडीत एसी लावून झोपलेली माणसं उठलीच नाहीत, अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात, त्याच्या मागे बहुतेक वेळा हाच वायू असतो.

पॅकिंग बदललं, भोक बुजवलं, त्यानंतर आईची तक्रार बंद झाली. एवढंच मला माहीत आहे, पण तेवढं मला पुरे आहे.

अंगणातलं काम

आता ज्यांना करायचंच आहे त्यांच्यासाठी, काम कसं होतं ते सांगतो.

गाडी रात्रभर थंड होऊ द्या. पाइप काही शे अंश तापतो आणि तासाभरात निवत नाही. जागा सपाट आणि घट्ट हवी, शेणाने सारवलेल्या मऊ अंगणात जॅक रुततो. मागची चाकं उचलणार असाल तर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका, कधीही. लोखंडी स्टँड लावा, नसतील तर ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडून आणा. विटांवर गाडी ठेवणारेही मी पाहिलेत. वीट दाबाखाली सांगून फुटत नाही.

जुने नट-बोल्ट जाम असतात. आदल्या संध्याकाळी त्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी पुन्हा एकदा. मग नीट बसणारा रिंग पाना लावा. तरी तुटायचे ते तुटतातच, म्हणून नवे बोल्ट आधीच आणून ठेवा. सोबत नवं पॅकिंग आणि नवे रबर. जुनं पॅकिंग एकदा दबलं की पुन्हा सील करत नाही.

रबरांबद्दल थोडं थांबून सांगतो. बरेच जण रबर तुटलं की तारेने पाइप बांधतात. इंजिन सतत हलतं, पाइप त्याच्यासोबत झुलायला हवा, म्हणून तो रबरावर टांगलेला असतो. तारेने आवळला की सगळा हादरा जोडावर येतो आणि नव्या पाइपला काही महिन्यांत तडा जातो.

नवा पाइप बसवताना सगळे जोड आधी सैल ठेवा. पुढून मागेपर्यंत सगळं जागेवर लटकू द्या. पेट्रोलची टाकी, ब्रेकचे पाइप, फ्लोअर, कशालाच तो टेकत नाही ना, ते हात घालून बघा. मग इंजिनाकडून मागे येत एकेक जोड आवळा. एकच जोड पूर्ण आवळून पुढे गेलात की शेवटचा जोड वाकडा बसणार, हे ठरलेलं. गाडीवर वेल्डिंग करायची वेळ आलीच तर आधी बॅटरीची वायर काढा, नाहीतर इंजिनाचा कॉम्प्युटर जाऊ शकतो. आणि पेट्रोलच्या टाकीजवळ वेल्डिंग करायचं असेल तर ते काम अंगणात करूच नका.

शेवटी तपासणी. उघड्या जागेत गाडी सुरू करा. एकाने ओल्या जाड कापडाने शेपटीचं तोंड क्षणभर दाबायचं, दुसऱ्याने जोडांजवळ कान द्यायचा. फुसफुस ऐकू आली की तिथे गळतंय. इंजिन गुदमरल्यासारखं झालं तर सगळं घट्ट आहे. नव्या पाइपला तेल लागलेलं असतं, त्यामुळे पहिली काही मिनिटं थोडा धूर येतो, त्याला घाबरू नका.

रिकामा डबा

आणि आता तो मुद्दा, ज्यासाठी हा सगळा इतिहास सांगितला.

कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनमसारखे धातू असल्यामुळे जुन्या डब्यालाही भंगारात चांगली किंमत येते. त्यामुळे हातोहात फिरलेल्या गाड्यांत कितीदा असं दिसतं की बाहेरचा डबा जागेवर आहे, आतली जाळी फोडून काढलेली आहे. किंवा डबा काढून तिथे सरळ पाइप जोडलाय आणि मालकाला सांगितलंय, "पिकअप वाढते." जाळी चोंदलेली असेल तर ती काढल्यावर गाडी मोकळी झाल्यासारखी वाटते हे खरं, पण त्या चोंदण्याचं मूळ कारण बहुधा इंजिनात असतं, मिस होणाऱ्या प्लगमध्ये किंवा तेल जाळणाऱ्या रिंगमध्ये. ते तसंच राहतं. धूर मात्र थेट तुमच्या गल्लीत.

म्हणून गाडीचं साल बघा. १९९५ च्या आधीची पद्मिनी, अँबेसेडर किंवा मारुती असेल तर साधा सायलेन्सर लावा, तिला मुळात तेच होतं. १९९५ ते २००० मधली असेल तर ती कुठे विकली गेली होती ते शोधा, कारण तेव्हा कायदा शहरापुरता होता. २००० नंतरच्या पेट्रोल गाडीला कन्व्हर्टर असणार असंच धरून चला, आणि तो पुढच्या पाइपवर आहे का, आतून भरलेला आहे का, हे विकत घेण्याआधीच बघा. हाताने हलकं ठोकल्यावर आत काही खुळखुळलं, तर जाळी फुटलेली आहे. मागचा डबा स्वस्तातला लावला तरी तो आवाजापुरताच आहे. पुढचा मात्र त्या मॉडेलचाच लावा. आणि दुकानात दोन डबे हातात घेऊन वजन बघा. अगदी हलका असेल तर आतल्या भिंती वाचवलेल्या आहेत.

पीयूसीच्या मशीनलाही हा फरक कळतो. भारत स्टेज दोनच्या आधीच्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतं, दोन आणि तीनच्या गाडीला फक्त अर्धा टक्का. सहापट फरक आहे, आणि तो मुख्यतः त्या डब्याच्या भरवशावर. कायद्याची भीती घालायची तर कलम १९० मध्ये आवाज आणि धुरासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद २०१९ पासून आहे, तीन महिन्यांची कैदही लिहिलेली आहे. पण आमच्या रस्त्यावर ती मोजायला रोज कोणी उभं नसतं, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

म्हणूनच अंगणातलं हे काम मला महत्त्वाचं वाटतं. शहरात धुरावर कोर्ट बसलं, समिती बसली, तेरा शहरांची यादी निघाली. गावात गाडीखाली झोपलेला माणूस आणि त्याच्या हातातला पाना, एवढंच आहे. तो पाइप कसा बसवतो यावर मागच्या सीटवर कोण काय श्वास घेणार ते ठरतं.

तर मंडळी, या रविवारी एक करा. घरच्या गाडीचं आरसी बुक काढा, बनावटीचा महिना आणि साल बघा आणि थंड गाडीखाली वाकून पाइप कुठून कुठे जातो ते नुसतं डोळ्यांनी शोधा. फ्लोअरवर काळा पट्टा दिसला तर पुढच्या प्रवासाआधी तो जोड दुरुस्त करून घ्या, घरी किंवा गॅरेजमध्ये. आणि मागे बसणाऱ्या बाईमाणसाला, लेकराला विचारा, गाडीत डोकं दुखते का. पुढच्या भागात एक श्रोता पाठवणार आहे ती गोष्ट: साकोलीच्या जुन्या हायवेवर एकेकाळी धावणाऱ्या जीपगाड्यांची. तोवर गाडी सावकाश चालवा. भेटू.